अग्नी, ग्रंथ आणि शनिवार तेली

गेल्या उन्हाळ्यात आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थी सुटीच्या दिवशी घरी आला. मुलगा मूलकडचा, जातीने तेली. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जंगली मुलखांत तेली समाजाची वस्ती पुष्कळ आहे. त्यांतील बहुतेक घरे आता शेती, नोकरी किंवा दुकानदारी करितात, आणि जुना घाणा कोणाच्या परसात पडून राहिला असलाच तर त्यावर कोंबड्या बसतात. या मुलाच्या आजोबांनी मात्र तरुणपणी स्वतः घाणा चालविलेला. जवस, तीळ आणि मोहाच्या बिया असा तीन प्रकारचा माल त्यांच्याकडे येई. मुलाने वाचनालयात १८८३ सालचे कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर चाळले होते, आणि त्यात 'शनिवार तेली' हे नाव पाहून तो चकित झाला होता. "सर, सोमवारी घाणा बंद ठेवणारे तेली समजतात. तो शंकराचा वार. पण शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे कोण?"

ते यहुदी, असे उत्तर मी दिले. उत्तर एका शब्दाचे होते आणि प्रश्न तेथे संपावयास हवा होता. परंतु तो मुलगा निघून गेल्यावर माझ्याच मनात दुसरा प्रश्न उभा राहिला. तेली हा दिव्याचा पोशिंदा. त्याचा सारा व्यवसाय ज्योतीच्या सेवेचा. अशा मनुष्याने आठवड्यातून एक दिवस अग्नीस हात लावू नये, आणि हीच त्याची ओळख होऊन बसावी, यात काही विलक्षण नाही काय? ज्या धर्मात देव झुडपातील ज्वाळेतून बोलला, ज्याचा ग्रंथच अग्नीचा बनलेला आहे असे त्याचे पंडित सांगत आले, त्या धर्मातील एक शाखा कोकणात ग्रंथावाचून कित्येक शतके राहिली आणि तरीही मोडली नाही. ती कशाच्या आधाराने राहिली, हे पाहावयाचे तर अग्नीपासूनच आरंभ केला पाहिजे.

आपल्या वाचकांस अग्नीचे पावित्र्य समजावून सांगणे नलगे. ऋग्वेदाचा आरंभच अग्नीच्या स्तुतीने होतो. अग्निहोत्र्याच्या घरचा अग्नी विझला तर प्रायश्चित्त घ्यावे लागते. पारशी बांधवांचा उदवाड्याचा अग्नी १७४२ पासून त्या गावी अखंड तेवत आहे. यहुदी अग्नीची जात मात्र थोडी निराळी आहे, आणि ती निराळी आहे हे ध्यानात न आल्यामुळे पुष्कळ घोटाळा होतो. यहुद्यांचा अग्नी देव नव्हे, देवदूतही नव्हे. तो निर्माण केलेली वस्तू आहे. देव तिचा उपयोग करितो, कधी तिच्यात आपली खूण ठेवितो, आणि कधी मुद्दाम तिच्यातून अंग काढून घेतो. मोशेने होरेब डोंगरावर पाहिलेले झुडूप जळत होते पण जळून जात नव्हते. म्हणजे अग्नीचा जो स्वभावधर्म भक्षण, तोच तेथे रहित झालेला. उलट त्याच डोंगरावर पुढे एलिया संदेष्टा आला, तेव्हा त्याच्यासमोरून वारा गेला, भूकंप गेला, अग्नी गेला, आणि या तिन्हींत देव नव्हता असे शास्त्र सांगते. देव त्यानंतरच्या अगदी बारीक आवाजात होता. हाच तो एलिया, ज्याच्या प्रार्थनेने कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरला होता आणि जो शेवटी अग्नीच्या रथातून स्वर्गास गेला. ज्याने अग्नी इतका जवळून अनुभवला त्यालाच, देव अग्नीत नाही, हे दाखविले गेले. या पुरुषाची गाठ आपल्याला पुढे कोकणात पडणार आहे.

वेदीवरच्या अग्नीचा नियम लेवीयाच्या पुस्तकात आहे. पहिला अग्नी परमेश्वरापासून आला आणि त्याने वेदीवरचे हवन भस्म केले. त्यानंतर मात्र दररोज सकाळी याजकाने वेदीवर लाकडे रचावी आणि अग्नी कधीही विझू देऊ नये, अशी आज्ञा झाली. अग्नी स्वर्गाचा, पण सरपण माणसाचे, अशी ही वाटणी आहे. तिच्यापुढेच नादाब आणि अबीहू या अहरोनाच्या दोन पुत्रांची कथा येते. त्यांनी आपल्या धुपाटण्यांत न सांगितलेला, परका अग्नी घातला आणि ते जळून मेले. भक्तीच्या भरात आपल्या मनाने पेटविलेला अग्नी आणि आज्ञेने राखलेला अग्नी यांत शास्त्राने येथे जी रेघ ओढली, ती यहुदी विचारात कधी पुसली गेली नाही.

सरपणाची गोष्ट आमच्या मुलखातल्या माणसास विशेष रुचेल म्हणून थोडी विस्ताराने सांगतो. बाबेलच्या बंदिवासातून परत आल्यावर लोकांनी मंदिराला लाकूड कोणी कोणत्या वेळी पुरवावे यासाठी चिठ्ठ्या टाकल्याचे नहेम्याच्या पुस्तकात आहे. इतिहासकार योसेफस याने तर लाकडे वाहून नेण्याच्या सणाचाच उल्लेख केला आहे. वेदीचा अग्नी सरपणावाचून राहू नये म्हणून त्या दिवशी प्रत्येकाने लाकूड न्यावयाचे. मिश्नेत मंदिराच्या वर्णनात लाकडांची एक कोठडी येते. ज्या याजकांच्या अंगात काही व्यंग असे, त्यांस वेदीजवळ सेवा करण्यास मनाई होती. ते या कोठडीत बसून एकेक लाकूड तपाशीत, आणि ज्याला कीड लागली असेल ते बाजूला टाकीत. आलापल्लीचा किंवा बल्लारपूरचा लाकूड आगार ज्याने पाहिला आहे, ओंडक्याच्या तोंडाशी वाकून पोखर शोधणारा माणूस ज्याच्या डोळ्यांपुढे आहे, त्याला हे चित्र परके वाटणार नाही. वेदीपाशी जाण्याचा अधिकार नसलेल्या माणसांच्या नजरेवर वेदीची शुद्धता अवलंबून होती, हे मला त्या साऱ्या वर्णनात सर्वांत हृद्य वाटते.

कोणतेही लाकूड वेदीला चाले. फक्त जैतून आणि द्राक्षवेल वर्ज्य. याचे एक कारण तालमुदात असे दिले आहे की ही झाडे जाळली तर देशाची वस्ती उजाड होईल. आमच्याकडे जंगल तोडून शेत काढताना मोहाचे झाड धुऱ्यावर राखून ठेवितात, त्याचे कारण कोणा शास्त्राने सांगितलेले नाही, पण ते याहून वेगळे नाही. जे झाड तेल देते ते सरपण होत नाही.

इ. स. ७० मध्ये तीतसाच्या सैन्याने यरुशलेम घेतले आणि मंदिर जळाले. योसेफस सांगतो की सेनापतीच्या मनात ते जाळावयाचे नव्हते, एका शिपायाने जळते लाकूड आत फेकले. योसेफस हा रोमन आश्रयाने राहून लिहीत होता, तेव्हा या सांगण्यावर किती भिस्त ठेवावी हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्या वास्तूत अग्नी विझू द्यावयाचा नाही हा नियम, ती वास्तू अग्नीनेच नाहीशी झाली. आता वेदी नाही, याजकाला काम नाही, लाकडाच्या कोठडीला अर्थ नाही. योहानान बेन झक्कै याला शिष्यांनी शवपेटीत घालून वेढलेल्या नगरातून बाहेर काढले आणि त्याने यब्ने गावी पाठशाळा चालविली, अशी कथा आहे. कथेचा तपशील कसाही असो, परिणाम निश्चित आहे. वेदी गेली आणि तिच्या जागी पोथी आली. होमाचा विधी जो अभ्यासतो त्याने होम केल्यासारखेच आहे, असा सिद्धांत तालमुदातील पंडितांनी बांधला.

मग वेदीच्या अग्नीची सारी लक्षणे ग्रंथाच्या अंगी आली. सिनाय पर्वतावर तोरा मिळाली ती काळ्या अग्नीने पांढऱ्या अग्नीवर लिहिलेली होती, असे एका वचनाचे तात्पर्य आहे. म्हणजे अक्षरे तर अग्नी खरीच, पण अक्षरांमधली कोरी जागा हीही अग्नीच. न लिहिलेलेही तितकेच ज्वलंत. दुसरे एक वचन विद्वानांच्या शेकोटीशी ऊब घ्यावी पण निखाऱ्यांपासून हात जपावे असे बजाविते. ज्याने आयुष्यभर प्राध्यापकी केली त्याला यातील थट्टा आणि सत्य दोन्ही कळतात. तानीथ नावाच्या प्रकरणात दोन दृष्टांत शेजारी शेजारी येतात. एक असा की लहान काटकी मोठ्या ओंडक्याला पेटविते, तसे लहान विद्यार्थी गुरूची बुद्धी पेटवितात. दुसरा असा की एकटे लाकूड जसे पेट घेत नाही, तशी तोरा एकट्याने अभ्यास करणाऱ्याजवळ टिकत नाही. चूल पेटविणाऱ्या कोणत्याही बाईला हे ठाऊक आहे. दोन लाकडे एकमेकांना भिडल्याखेरीज जाळ धरीत नाहीत.

आणि हनीना बेन तेरद्योन याची कथा. रोमन सत्तेने तोरा शिकविण्यास बंदी केली असता हा उघडपणे शिकवीत राहिला. त्याला तोरेच्याच गुंडाळीत लपेटून जाळले, आणि मरण लांबावे म्हणून छातीवर ओली लोकर ठेविली. शिष्यांनी विचारले, तुम्हांला काय दिसते? त्याने सांगितले ते असे की, चामडे जळत आहे, पण अक्षरे वर उडत आहेत. आपल्याकडे तुकोबांच्या गाथेची कथा अशीच आहे, फक्त तेथे अग्नीच्या ठिकाणी इंद्रायणीचे पाणी आहे. तेथे कागद तेरा दिवसांनी कोरडे वर आले. येथे चामडे गेले आणि अक्षरेच सुटली. मला यांतील फरकही महत्त्वाचा वाटतो. आपल्या कथेत पोथी वाचते, त्यांच्या कथेत पोथी वाचत नाही. वाहकावाचून अक्षर राहू शकते, असा त्यांचा विश्वास आहे. तुकोबांचे अभंग ज्यांनी लिहून ठेविले असे मानितात ते संताजी जगनाडे जातीने तेली होते, हे मी त्या विद्यार्थ्यास सांगितले तेव्हा तो म्हणाला, "ते आम्हांला ठाऊक आहे, सर." ठाऊक असणारच.

आता शनिवार. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत यहुद्यांचा शब्बाथ. त्या दिवशी काम करू नये ही आज्ञा सर्वसामान्य शब्दांत आहे. परंतु मोशेच्या ग्रंथात ज्या थोड्या कामांची नावे घेऊन मनाई केली त्यांत घरात अग्नी पेटविणे हे ठळक आहे. मिश्नेने एकोणचाळीस प्रकारची कामे वर्ज्य ठरविली, त्यांत पेटविणेही आहे आणि विझविणेही आहे. म्हणून शुक्रवारी सूर्य मावळण्यापूर्वी दिवा लावून ठेवावयाचा आणि मग त्यास हात लावावयाचा नाही. येथे तेलाचा प्रश्न येतो आणि मिश्नेने त्यावर एक अध्यायच खर्ची घातला आहे. कोणत्या तेलाने शब्बाथाचा दिवा लावावा? जे तेल वातीत नीट चढत नाही, ज्याची ज्योत फडफडते, ते नको. कारण ज्योत मंद झाली की मनुष्य सवयीने दिवा कलता करील आणि शब्बाथ मोडेल. रब्बी तर्फोन याचे मत असे की जैतुनाच्या तेलाखेरीज दुसरे तेल चालू नये. तेव्हा योहानान बेन नूरी उभा राहिला आणि त्याने विचारले, मग बाबेलच्या लोकांनी काय करावे? त्यांच्याजवळ तिळाच्या तेलावाचून दुसरे काही नाही. मेदी लोकांजवळ फक्त अक्रोडाचे आहे. आलेक्झांड्रियाच्या लोकांजवळ मुळ्याच्या बियांचे आहे. अखेर निवाडा त्याच्या बाजूने झाला आणि ही सारी तेले चालू लागली. परमुलखात गेलेल्या माणसाला त्या मुलखाच्या तेलाने दिवा लावण्याची मुभा मिळाली, या एका निवाड्यात यहुद्यांच्या पुढील दीड-दोन हजार वर्षांच्या भ्रमंतीची तरतूद आहे असे मला वाटते. कोकणचे नाव त्या यादीत नाही. पण तीळ आहे.

कोकणात आलेल्या यहुद्यांची परंपरा अशी. एक गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बाकीच्यांची प्रेते किनाऱ्याला लागली, ती नवगाव येथे पुरली. सामानाबरोबर ग्रंथही समुद्रात गेले. वाचलेल्यांनी तेल गाळण्याचा धंदा धरिला, गावोगाव पांगले, गावांवरून केहीमकर, दिवेकर, राजपूरकर, अष्टमकर अशी आडनावे झाली, मराठी ही घरची भाषा झाली. त्यांनी आपणांस बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाची संतती, म्हटले. गावाने त्यांस शनिवार तेली म्हटले. सात जोडप्यांची ही कथा इतिहास म्हणून जशीच्या तशी घेता येणार नाही. चित्पावनांच्या उत्पत्तीची कथाही किनाऱ्याला लागलेल्या प्रेतांचीच आहे, आणि दोन शेजाऱ्यांनी एकमेकांच्या कथा ऐकल्या नसतील असे कोण म्हणेल? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात बेने इस्राएलांच्या ठायी मध्यपूर्वेतील यहुद्यांचा आणि भारतीयांचा, दोन्हींचा अंश ठळकपणे आढळला. इतके धरून चालण्यास हरकत नाही.

ग्रंथ नव्हता, हिब्रू भाषा नव्हती, रब्बी नव्हता. मग काय होते? सुंता होती. खवले आणि पर असलेलीच मासळी खावयाची हा नियम होता. शेमा नावाच्या प्रार्थनेचे आरंभीचे शब्द तोंडी होते, आणि ते प्रत्येक प्रसंगी म्हणत. आणि शनिवार होता. इ. स. १२०० च्या सुमारास थोर तत्त्वज्ञ मोशे बेन मैमोन याने फ्रान्समधील लुनेलच्या पंडितांस पत्र लिहिले, त्यात हिंदुस्थानातील यहुद्यांविषयी एक वाक्य आहे. त्याचा भाव असा की ते तोरा जाणत नाहीत, शब्बाथ आणि सुंता यांखेरीज त्यांच्याजवळ काही नाही. हे कोकणातल्यांविषयीच आहे की नाही यावर विद्वानांत मतभेद आहेत. पण त्या पत्रातील खेदाचा सूर मला नेहमी थोडा अन्यायाचा वाटत आला आहे. शब्बाथाखेरीज काही नाही म्हणजे थोडे आहे काय? घाणा हा रोजच्या रोज फिरला तरच पोट भरते असा धंदा आहे. शेजारचा सोमवार तेली शनिवारी गाळून गिऱ्हाईक नेत असता आपला बैल सोडून बसणे, आणि हे का करितो हे सांगणारा ग्रंथ घरात नसता बसणे, याला कसली विद्या लागते? दशाज्ञांत शब्बाथाची विश्रांती गुराढोरांसही दिली आहे. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवरची झापडे शुक्रवारी संध्याकाळी सुटत असतील तेव्हा ती आज्ञा त्या अंगणात पाळली जात होती, वाचली जात नव्हती एवढेच.

सणांची नावेही पाहण्यासारखी आहेत. पुरीम हा होळीचा सण, कारण तो त्याच सुमारास येतो. मंदिर जळाल्याच्या स्मरणाचा उपवास, तो बिरड्याचा रोजा, कारण त्यास जोडून वालाचे बिरडे खाण्याची रीत. वल्हांडण सण हा अनशी ढाकण्याचा सण, कारण अनशी म्हणजे आंबविलेल्या पदार्थाचे मडके त्या दिवसांत झाकून ठेवावयाचे. भात खाणाऱ्या मुलखात खमीर घातलेल्या भाकरीची बंदी निरर्थक होती. आंबट मडक्यात तिला अर्थ सापडला. जेथे ग्रंथ नाही तेथे स्मृती स्वयंपाकघरात राहते. यरुशलेमचे मंदिर कसे जळाले हे ज्या बाईला माहीत नव्हते तीही वाल भिजत घालीत होती.

आता विरोधाभास पाहा. यहुद्यांचा जो खास तेलाचा आणि दिव्यांचा सण, हनुक्का, तो या तेल्यांस ठाऊकच नव्हता. एक दिवसाचे तेल आठ दिवस पुरले या चमत्काराची तो आठवण आहे, आणि ज्यांच्या घरी तेलाची कमतरता कधी नव्हती त्यांनी तो पाळिला नाही. हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ च्या सुमारास बेने इस्राएलांचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. तो त्यांच्या मृत्यूनंतर १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. त्यांनी या अभावावरून असे अनुमान केले की आपले पूर्वज हनुक्काच्या घटनेपूर्वी, म्हणजे ख्रिस्तपूर्व १६४ पूर्वी, अँटिओकसाच्या जुलमाच्या वेळी गालील प्रांतातून निघाले असले पाहिजेत. तेथेही ते तेलच गाळीत असत, असे ते मानीत. केहीमकरांचा मी फार ऋणी आहे. १८७५ साली मुंबईत इस्राएली शाळा काढणारा हा मनुष्य स्वतःच्या जमातीचा पहिला मोठा इतिहासकार. परंतु हे अनुमान मला पटत नाही. जे सारी तोरा विसरले ते हनुक्काही विसरले असतील. विस्मृतीवरून सनावळी काढता येत नाही. केहीमकरांना आपली परंपरा जितकी जुनी सिद्ध करता येईल तितकी हवी होती, आणि का हवी होती हे समजण्यासारखे आहे. बगदादी आणि इतर यहुदी मुंबईत येऊन बेने इस्राएलांकडे संशयाने पाहत होते.

एलियाची गाठ येथे पडते. अलिबागजवळ खंडाळे गावाच्या परिसरात खडकावर एक खूण आहे, ती एलियाच्या रथाची असे बेने इस्राएल मानितात. एलियाहू हन्नबी स्वर्गास जाताना तेथे टेकला, असे सांगतात. झाडांच्या नववर्षाच्या दिवशी, शेबाट महिन्याच्या पौर्णिमेस, त्याच्या नावाने मलिदा करितात. भिजविलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोडे आणि वर फळे. नवस फेडताना, लग्नकार्यापूर्वी, संकटातून सुटल्यावर, घरोघरही मलिदा होतो. अग्निरथाचा स्वामी कोकणात आला आणि त्याच्यापुढे होम झाला नाही, नारळपोह्यांचे ताट आले. होरेबावर अग्नीत न सापडलेल्या देवाच्या संदेष्ट्याला हे शोभूनच दिसते.

ग्रंथ परत कसा आला ही कथा थोडक्यात सांगतो, कारण ती इतरत्र पुष्कळ लिहिली गेली आहे. दावीद रहाबी नावाच्या कोणा विद्वानाने या लोकांस त्यांच्या शनिवारावरून आणि मासळीच्या निवडीवरून ओळखिले, आणि काही कुटुंबांतील पुरुषांस शिकवून काजी नेमिले, अशी परंपरा आहे. हा रहाबी फार प्राचीन की अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्यातील, हा वाद आहे. मला दुसरा पक्ष अधिक संभवनीय वाटतो. मुंबईत मांडवी भागात १७९६ साली सॅम्युएल दिवेकर यांनी पहिले सभास्थान बांधिले. ते तोरेच्या गुंडाळ्या आणण्यासाठी कोचीनला गेले असता तेथेच वारले, असे सांगतात. म्हणजे घर आधी झाले आणि ग्रंथ मागून यावयाचा होता. पुढे कोचीनचे शिक्षक आले, मिशनऱ्यांच्या शाळा आल्या. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता हे उघड आहे. शिकणाऱ्यांनी व्याकरण घेतले आणि हेतू बहुतांशी तेथेच ठेविला. १८४६ साली वल्हांडणाच्या रात्रीची हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत निघाली, १८७४ साली पुण्यात दुसरी. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी आयुष्यभर हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली आणि मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक म्हणून काम पाहिले. १८८० च्या सुमारास तर इस्राएली कीर्तने सुरू झाली. आब्राहाम, मोशे यांची आख्याने ओव्या, साक्या, दिंड्यांत लावून टाळमृदंगावर सांगत. त्यासाठी कीर्तनोत्तेजक इस्राएल मंडळ निघाले. एकटे लाकूड पेट घेत नाही, हा दृष्टांत येथे शब्दशः खरा झाला. कोचीनचे लाकूड, स्कॉटलंडचे लाकूड आणि कोकणचे लाकूड एकत्र आल्यावर जाळ झाला, आणि तो मराठीत झाला.

येथे गोष्ट गोड संपली असती. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले तेव्हा बेने इस्राएल सुमारे वीस हजार होते. पुढील वीस-पंचवीस वर्षांत त्यांतील बहुतेक तिकडे गेले. आज भारतातील सर्व यहुदी मिळून पाच हजारांच्या आत आहेत. तिकडे गेल्यावर १९६१ पासून तेथील काही धर्माधिकाऱ्यांनी त्यांचे इतर यहुद्यांशी विवाह लावण्यास हरकत घेतली. प्रश्न असा होता की ज्या शतकांत यांच्याजवळ ग्रंथ नव्हता त्या शतकांतील यांचे विवाह आणि घटस्फोट शास्त्रशुद्ध झाले होते काय? १९६२ साली वंशावळीची चौकशी करण्याचा आदेश निघाला. ज्यांच्या वंशावळी नवगावच्या वाळूत पुरलेल्या त्यांनी त्या कोठून आणाव्यात? जेरुसलेममध्ये धरणे झाले. १९६४ साली तेथील संसदेने ठराव केला आणि बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत हे मान्य करणे धर्मपीठास भाग पडले. धर्माधिकारी दुष्ट होते असे मी म्हणत नाही. ग्रंथ हाच अग्नी असे मानणाऱ्यास, ग्रंथ नव्हता त्या घरात अंधारच असणार असे वाटले, तर त्यात त्याच्या दृष्टीने तर्क आहे. पण हा तर्क त्यांच्याच शास्त्राला पुरेसा धरून नाही. काळ्या अग्नीइतकाच पांढरा अग्नीही तोराच, असे त्यांचेच पूर्वज सांगून गेले होते. कोकणातील ती शतके म्हणजे अक्षरांमधली कोरी जागा. तिच्यावर काही लिहिलेले नाही म्हणून ती विझलेली ठरत नाही. घाणा दर शनिवारी थांबत होता, याहून मोठा दाखला कोणत्या वंशावळीत मिळाला असता?

अलिबागला इस्रायल आळीत मागेन आबोथ सभास्थान आहे. काही वर्षांपूर्वी एका परिसंवादाच्या निमित्ताने तिकडे गेलो असता मी ते पाहिले. छताला काचेचे दिवे टांगलेले असतात. खाली पाणी, वर तेल, मध्ये वात. जैतुनाचे तेल तेथे कोठून यावे? घरोघरच्या शब्बाथाच्या दिव्यातही पिढ्यान् पिढ्या खोबऱ्याचे किंवा तिळाचेच तेल पडत आले.

हे सारे मी त्या विद्यार्थ्यास सांगितले, आणि त्याने घरी जाऊन आजोबांस सांगितले. पंधरा दिवसांनी तो परत आला. आजोबांना यरुशलेममध्ये किंवा रब्बींच्या वादात काही रस वाटला नव्हता. शनिवारी बैल सुटतो हे त्यांना आवडले. आमचा पोळ्याला सुटे, यांचा दर आठवड्याला, म्हणून यांचे बैल जास्त टिकले असतील, असे ते म्हणाले. मग पुष्कळ वेळ विचार करून त्यांनी विचारले की, एकदा सूर्य बुडाल्यावर दिव्याला हात लावावयाचा नाही, तर तेल संपले की घालतो कोण? कोणी घालीत नाही, असे नातवाने सांगितले. तेव्हा म्हातारा म्हणाला, "मग ते मोजून घालत असतील. आणि जवसाचं घालत नसतील. जवसाच्या तेलानं वातीवर काजळी धरते, मध्येच वात पुढं सारावी लागते. तिळाचं असल तर रातभर हात लावाचं काम नाही."